सर हॅमोच्या पाठीमागची जोन

कॉल्डथॉर्प,
३ मार्च १९५८

प्रिय किझाया,

तुझं पत्र मिळालं. सोबत तू घातलेलं दारूबंदीचं पत्रकही मिळालं. कागद चांगला जाड आहे, काल त्यानं शेगडी एका काडीत पेटली. असेच पाठवत जा.

आता मुद्द्याचं. जेबेझच्या पाटीला कर्नलनं पुन्हा नकार दिला. तुझा भाऊ गेला त्याला येत्या एप्रिलात तीन वर्षं होतील आणि या तीन वर्षांत मी तीनदा अर्ज केला. महायुद्धात घंटा बंद होत्या तेवढा काळ सोडला तर अठ्ठेचाळीस वर्षं त्या माणसानं सेंट ऑझवल्डची तिसरी घंटा ओढली. लग्नाला ओढली, मयताला ओढली, कर्नलचं बारसं होतं तेव्हासुद्धा ओढली. आणि मी मागतेय काय? मनोऱ्याच्या दाराशेजारी वीतभर पाटी. 'जेबेझ स्पिंक, घंटावाला, १९०७ ते १९५५.' बास, एवढंच. त्यात परी नको, कलश नको, रडणारी पोरं नकोत.

कर्नल ट्रेंचवूड काय म्हणाला माहितीये? "मिसेस स्पिंक, स्पष्ट बोलतो म्हणून राग मानू नका, पण चर्चच्या भिंती वंशावळ असलेल्यांसाठी असतात." मी म्हटलं, "कर्नलसाहेब, वंशावळ आमचीपण असेलच की, त्याशिवाय मी इथवर आले कशी?" व्हिकरला खोकला आला. आमचा हा पाद्री लेथब्रिज म्हणजे गरीब गाय, खोकण्यापलीकडे त्याच्याच्यानं काही होत नाही. अर्जावर कर्नलची सही असल्याशिवाय बिशपच्या कचेरीत तो कुणी उघडूनही बघत नाही.

आणि त्या वंशावळवाल्यांनी भिंतींवर काय लावून ठेवलंय ते तू पाहिलंच आहेस. डाव्या हाताला डेम लेटिशिया, 'गरिबांची माउली'. माझी आजी तिच्याकडे भांडी घासायला होती, तिनं त्या माउलीची माया अंगावरच्या चिमट्यांत मोजून दाखवली असती. पलीकडे सर पेरेग्रिन, 'कर्तव्य बजावत असता प्रभूनं बोलावून घेतलं'. बदकांच्या तळ्यात पडून मेला गं मेला, आणि कर्तव्य काय तर बदक! वेदीपुढे जमिनीत सर हॅमो, चिलखत घातलेला, पायाशी कुत्रा, सबंध पितळी पत्र्यात कोरलेला. सगळ्या ट्रेंचवुडांचा मूळपुरुष. त्याच्या नावावर तर कर्नल जेवतो.

त्या सर हॅमोला एकतीस वर्षं दर शुक्रवारी कोण घासतं? मीच ना? घासायला स्पिंक चालते, भिंतीवर चालत नाही.

तुझी,
डॉर्कस

स्कारबरो,
९ मार्च १९५८

प्रिय डॉर्कस,

पत्रक शेगडीत घातलंस ते बरं केलंस. निदान तुझ्या घरात त्यानं कुणाच्या तरी पोटात आग पेटवली.

पाटीचा नाद सोड. आमच्या पंथाचं चॅपेल बघ, चार पांढऱ्या भिंती आणि एक घड्याळ. कुणाचं नाव नाही की कुणाचा कुत्रा नाही. मेलेल्याला देव ओळखतो, त्याला पत्ता लागत नाही. तुमचं ते सेंट ऑझवल्ड म्हणजे अडगळीची खोली. एका बाजूच्या कमानी गोल, दुसऱ्या बाजूच्या टोकदार, कारण काय तर मधे प्लेग आला आणि गोल बांधणारे मेले. बाहेर पन्हळीच्या तोंडाशी तो दगडी माणूस, लोकांकडे ढुंगण करून बसलेला. मी दहा वर्षांची असताना त्याच्यावरून आईचा मार खाल्लाय. अशा ठिकाणी माझ्या भावाचं नाव हवं कशाला?

शिवाय खरं बोलू? जेबेझ कधी प्रवचनाला बसलाय? घंटा वाजवून लोकांना आत घालायचं आणि आपण मागच्या दारानं 'थ्री टन्स' गुत्त्यात. लोक पापाची कबुली देत असायचे तेव्हा हा दुसरा पेला मागवत असायचा. तो माझा भाऊ होता आणि माझा जीव होता त्याच्यावर, पण चर्चनं त्याची पाटी लावावी असं त्यानं काय केलं?

इथे माझ्या लॉजवर सध्या पाहुणे नाहीत. वरच्या खोलीत एकटे मिस्टर बटरी आहेत, ते रोज उकडलेल्या अंड्याबद्दल तक्रार करतात.

किझाया

कॉल्डथॉर्प,
२४ मार्च १९५८

किझाया,

आज तुझ्याशी भांडायची ताकद नाही. माझी अब्रू गेली.

कर्नल घराण्याचा इतिहास लिहितोय. पुस्तकाच्या पहिल्या पानावर सर हॅमो हवा म्हणून त्यानं शहरातल्या संग्रहालयातून एक बाई आणवली. मिस स्टॅनिफर्थ तिचं नाव, तिशीची असेल, पुरुषी पँट घालते. पितळेवर कागद ठेवून वरून काळं मेण घासतात, म्हणजे खालचं चित्र उमटतं, ते ती करणार होती. मी कौतुकानं बघायला उभी. आदल्या दिवशी मुद्दाम जास्त घासलं होतं ना मी, पाहुणी येणार म्हणून!

ती गुडघ्यावर बसून घासायला लागली. पाय उमटले. कुत्रा उमटला, अर्धा. कंबर उमटली. वर गेली आणि थांबली. तोंडाच्या जागी नुसतं काळं. डोळे नाहीत, नाक नाही, मिशा तर नाहीतच. ती म्हणाली, "हे पॉलिश कोण करतं?" मी म्हटलं, "मी!" आणि वर हसलेसुद्धा गं, शाबासकी मिळेल म्हणून.

तर म्हणे अशा जुन्या पितळेला पॉलिश लावायचंच नसतं. रेघा झिजतात. फक्त कोरडा फडका. आणि मी पहिली काही वर्षं विटेची पूड आणि व्हिनेगर वापरलं, मग डब्यातलं पॉलिश आलं ते वापरलं, हात दुखेपर्यंत. दर शुक्रवारी मी त्या माणसाचं तोंड थोडं थोडं पुसत होते आणि रविवारी येऊन म्हणत होते, वा, काय चकाकतोय!

कर्नल असा ओरडला की वळचणीची कबुतरं उडाली. "चारशे वर्षं कुणाला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत!" माझ्याकडून चर्चची किल्ली काढून घेतली. सगळ्यांसमोर, वेदीवर फुलं सजवणाऱ्या आमच्या बायकांसमोर. मिसेस हकल नुसती बघत होती, आता वर्षभर तिच्या दुकानात हेच. मी घरी आले आणि ओट्याशी उभं राहून रडले. नवऱ्याचं नाव लावायला निघाले होते आणि दुसऱ्याचं तोंड पुसून बसले.

आणखी एक, पत्र्याचे खिळे पण हलतात म्हणे. तो उचलून पुन्हा बसवावा लागणार. तेही माझ्याच माथी.

डॉर्कस

स्कारबरो,
२८ मार्च १९५८

अगं डॉर्कस,

रडू नकोस. तुझं पत्र वाचून मी हसले, त्याबद्दल आधीच माफी मागते. मिस्टर बटरींना वाचून दाखवलं, ते अंडं विसरले.

तू मुद्दाम केलं नाहीस. एकतीस वर्षं त्या थंड फरशीवर गुडघे टेकून घासलंस, आणि त्या काळात एका तरी ट्रेंचवूडनं खाली वाकून आपल्या मूळपुरुषाच्या तोंडाकडे बघितलं का? रोज बघितलं असतं तर नाक जाताना दिसलं असतं. असं सांग त्याला. तू नाही सांगणार, म्हणून मी इथून सांगतेय.

डब्यातून आल्याचा केक पाठवलाय. चहात बुडवून खा, थोडा कडक झालाय.

किझाया

कॉल्डथॉर्प,
१२ एप्रिल १९५८

किझाया, बस आधी. बसलीस? केक दाताला लागला पण चव चांगली होती. आता ऐक.

काल पत्रा उचलला. दोन गवंडी, मिस स्टॅनिफर्थ, व्हिकर आणि कर्नल. मला बोलावणं नव्हतं. पण वेदीच्या बाजूच्या भिंतीत ते तिरकं भोक आहे ना, पूर्वी रोगी माणसं बाहेरून प्रार्थना बघायची म्हणतात, त्याला डोळा लावून मी उभी. भोक पाडणाऱ्याचं भलं होवो.

पत्रा उलटा केला. मिस स्टॅनिफर्थ फडक्यानं माती पुसायला लागली आणि एकदम किंचाळली. मला वाटलं उंदीर. मग कसलं भोक न कसलं काय, मी दारातून सरळ आत शिरले.

अगं, मागच्या बाजूला बाई आहे! कोरलेली, घाटदार, धारदार, काल कोरल्यासारखी. कारण तिला माझं पॉलिश कधी लागलंच नाही. तोंड गोल, हनुवटीला खळी, डोक्याला घट्ट फडकं, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या, आणि हातात चक्क मोठा डाव. डेम नाही, राणी नाही. खाली ओळ आहे. मिस स्टॅनिफर्थनं वाचली ती मी तिथल्या तिथे हातावर लिहून घेतली: 'जोनच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. तिनं चाळीस हिवाळे आमची बिअर गाळली आणि एकदाही पाणचट केली नाही.'

मठातल्या बायकांनी तिच्यासाठी लावलेली पाटी ही! मग राजानं मठ मोडले, सामान लुटलं, पितळ भंगारात गेलं. आणि ट्रेंचवुडांनी ते भंगारातलं पितळ उचलून, जोनला तोंडघशी पाडून, तिच्या पाठीवर आपला सर हॅमो कोरून घेतला. म्हणजे मूळपुरुषाचं स्मारक जुन्या बाजारातलं!

मिस स्टॅनिफर्थ म्हणाली, असे उलटसुलट पत्रे आणखीही सापडलेत, पण असा चेहरा तिनं पाहिला नाही. तिचं म्हणणं, पत्रा भिंतीवर बिजागरीनं बसवावा, दारासारखा, म्हणजे दोन्ही बाजू बघता येतील. कर्नलचं तोंड बघायला हवं होतं तू. "नाही. होता तसाच, सर हॅमो वर, आणि खाली सिमेंट. या भिंतींबाहेर एक शब्द जाता कामा नये." झाकली मूठ सव्वा लाखाची! आणि पुस्तक तर छापायला निघालंय.

पण ठरवणार चर्चचं मंडळ. अकरा जण. चोवीस तारखेला गुरुवारी मतदान. व्हिकरनं डोकी मोजली तर पाच इकडे, पाच तिकडे. अकरावी कोण? फुलांच्या बायकांच्या वतीनं बसते ती. मी.

आज दुपारी कर्नल माझ्या घरी आला. माझ्या घरी! टोपी काढून. किल्ली परत दिली. म्हणाला, "मिसेस स्पिंक, आपण दोघं या चर्चला किती वर्षं ओळखतो. गुरुवारी तुम्ही समंजसपणे हात वर केलात, तर तुमच्या यजमानांच्या पाटीच्या अर्जावर मी सही करतो. त्याच दिवशी." वर असंही म्हणाला की पाटी पितळेची नको, संगमरवराची करू.

किझाया, मी त्याला चहा दिला. हाकलून द्यायला हवं होतं, पण मी चहा दिला, आणि त्यातल्या त्यात चांगला कप काढला. तीन वर्षं मी एवढीच एक गोष्ट मागतेय. जोनला मरून पाचशे वर्षं झाली, तिला कोण विचारतंय? पण तिचे ते बाह्या वर केलेले हात डोळ्यांपुढून जात नाहीत.

काय करू सांग. लगेच लिही.

डॉर्कस

स्कारबरो,
१५ एप्रिल १९५८

प्रिय डॉर्कस,

आयुष्यभर दारूच्या थेंबाला शिवले नाही, आणि तू मला एका बिअर गाळणारीबद्दल विचारतेस.

मी सांगणार नाही. तुझा नवरा, तुझं मत. तुझ्या मनाला येईल ते कर.

किझाया

स्कारबरो,
२ मे १९५८

डॉर्कस,

मतदान होऊन आठ दिवस झाले आणि तुझी एक ओळ नाही. मला कळायचं ते कळलं. मिसेस हकलचं कार्ड आलंय. कर्नलची गाडी तुझ्या दाराशी दोनदा दिसली, त्याच्या माणसानं शेरीची बाटली आणून दिली, आणि मतदानाच्या आधीच पाथरवट मनोऱ्याच्या दाराशी भिंतीचं माप घेऊन गेला. अभिनंदन हो! संगमरवर का? कडेनं सोनेरी रेघ असेलच.

मी लिहिलं होतं मनाला येईल ते कर. असं लिहिलं म्हणजे काय खरंच मनाला येईल ते करायचं? एवढी वर्षं माझी भावजय आहेस, एवढं कळू नये? त्याचा अर्थ होता, त्या माणसाच्या तोंडावर चहा ओत.

ती बाई दारू गाळत होती, मला मान्य आहे. पण राबत होती. चाळीस वर्षं मी इथे दुसऱ्यांची अंडी उकडतेय, मला ठाऊक आहे चाळीस हिवाळे म्हणजे काय. तिच्या मैत्रिणींनी तिला आठवणीत ठेवलं आणि त्या चोरांनी तिचं तोंड जमिनीत खुपसलं. आणि आता तू वरून सिमेंट ओतलंस, आणि त्यावर माझ्या भावाचं नाव! जेबेझनं स्वतःची पाटी उपटून विहिरीत टाकली असती. चांगल्या बिअरवाल्या बाईशी तो असा वागला नसता.

उत्तर नको.

किझाया स्पिंक

कॉल्डथॉर्प,
६ मे १९५८

किझाया,

उत्तर नको म्हणालीस, म्हणून देते. उचलली जीभ लावली टाळ्याला. मिसेस हकलचं कार्ड म्हणजे काय बायबल?

शेरी आली हे खरं. ती मी गवंड्यांना दिली. पाथरवट माप घेऊन गेला हेही खरं, कर्नलनं माझ्या मताआधीच त्याला पाठवलं होतं, इतकी त्याला खात्री. आता मत काय दिलं ते ऐक.

सभा चर्चच्या मागच्या खोलीत. पाऊस, ओल्या कोटांचा वास, कुणीतरी आणलेले शिळे बन. व्हिकर म्हणाला, पत्रा होता तसा बसवावा असं कोण म्हणतं? पाच हात वर. कर्नलनं माझ्याकडे बघितलं आणि जरासा हसला. नोकराला ताट आणायला खुणावतात तसा. माझा हात मांडीवर होता. मी त्याला म्हटलं, ऊठ. जेबेझसाठी ऊठ. नाही उठला. मग व्हिकरनं विचारलं, बिजागरी कुणाला हवी? आणि मेला आपोआप वर गेला.

सहा विरुद्ध पाच. जोन भिंतीवर आली. लोक शेजारच्या गावांतून येतायत, पोरं पत्रा उघडतात, मिटतात, बिजागरी कुरकुरते. कर्नलनं पुस्तक छापखान्यातून परत मागवलंय. त्यानं सगळ्यांसमोर मला सांगितलं, "मिसेस स्पिंक, माझ्या हयातीत तुमच्या नवऱ्याचं नाव या चर्चमध्ये लागणार नाही." आणि त्या घराण्यात लोक नव्वदीपर्यंत जगतात, तळ्यात पडले नाहीत तर.

लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. तू समजतेस मी फार मोठं काहीतरी केलं असं सांगायची वाट बघत होते? उलट मला रोज पश्चात्ताप होतो. काल मी जोनसमोर उभी राहून तिला म्हटलं, बाई गं, तुझ्यापायी माझ्या नवऱ्याचं नाव गेलं. रागच आला तिचा. आता मी मेले की संपलं. तुला मूल नाही, आम्हाला झालं नाही. तिसरी घंटा कुणी ओढली हे विचारलं तर सांगायला माणूस उरणार नाही. तो इथे होता, त्याचे हात दोरानं सोललेले असायचे, हे कुठेच राहणार नाही. हे मला सहन होत नाही, किझाया. रात्रंदिवस होत नाही.

आता हो शिव्या देऊन मोकळी.

डॉर्कस

स्कारबरो,
१० मे १९५८

माझ्या डॉर्कस,

मी मूर्ख, म्हातारी, आततायी बाई आहे. मिस्टर बटरींनीही दुजोरा दिला. माफ कर.

आता मी एक शपथ मोडणार आहे. मी आजवर एकही शपथ मोडलेली नाही. दारूची आहे ती तशीच राहील. पण ही मोडते.

एकतीस साली उन्हाळ्यात मी तुमच्याकडे महिनाभर होते, आठवतं? त्या वेळी मनोऱ्याच्या गच्चीवर नवा शिशाचा पत्रा घालत होते. शिसंवाल्या कामगारांची जुनी चाल आहे, काम झालं की नव्या शिशावर पाय ठेवायचा, बुटाभोवती सुरीनं रेघ मारायची आणि आत नाव-साल कोरायचं. तेव्हाच्या व्हिकरनं ताकीद दिली होती, कुणी गावकऱ्यानं हे केलं तर मनोऱ्याची किल्ली गेली समज. जेबेझनं केलं. कामगारांना 'थ्री टन्स'मधून बिअर नेऊन दिली आणि त्यांनी त्याला सुरी दिली. एका संध्याकाळी तो तोंडभर हसत आला, मला अंगणात गाठून सांगितलं आणि बायबलावर हात ठेवायला लावला. "डॉर्कसला तर मुळीच नाही," म्हणाला. का ते सांगितलं नाही. मला वाटलं, तू ओरडशील म्हणून.

म्हणून मी तुला म्हणत होते पाटीचा नाद सोड. त्याची पाटी आधीच आहे, तुमच्या कर्नलच्या डोक्यावर, सत्तावीस वर्षं. पण तू संगमरवर आणि अक्षरं मागत होतीस, तुला एका बुटाची रेघ काय सांगायची? आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्द. चुकलंच माझं.

रूबेन क्लॅकस्टनकडे मनोऱ्याची किल्ली असेल, आता घंटावाल्यांचा मुख्य तोच ना? त्याला घेऊन वर जा. सावकाश जा. शेवटच्या पायऱ्या झिजलेल्या आहेत असं तो म्हणायचा.

तुझी,
किझाया

कॉल्डथॉर्प,
१९ मे १९५८

प्रिय किझाया,

गेले बाई. त्र्याऐंशी पायऱ्या, गोल गोल. मी पुढे, रूबेन मागे, आणि त्रेपन्नाव्या पायरीनंतर तो मला कुठे हात लावून वर ढकलत होता ते त्याच्या बायकोला सांगू नकोस. दोनदा मी म्हटलं इथेच मरते, तो म्हणाला, "इथे मरू नका डॉर्कसबाई, खाली उतरवायला माणसं लागतील." शेवटचं झाकण त्यानं पुढे होऊन डोक्यानं ढकललं आणि बाहेर इतका वारा की माझी टोपी सरळ कर्नलच्या बागेत.

गच्चीभर बूट आहेत, किझाया! मला वाटलं होतं एखादा. पण कडेकडेनं केवढे तरी. जुन्या पत्र्याचे तुकडे त्यांनी नव्यातच जडवलेत, त्यावर टोकदार बूट, चौकोनी बूट, एक लहान मुलाचा, सतराशे अमुक, अठराशे तमुक. एकाही ट्रेंचवूडचा नाही. रूबेननं लाजत स्वतःचा दाखवला, सदतीस सालचा. म्हणाला, घंटावाल्या सगळ्यांना माहीत असतं, बोलायचं नाही एवढंच. कर्नलला गुडघे नाहीत आणि तपासणीला येणाऱ्या आर्चडीकनला उंचीची भीती.

जेबेझचा ईशान्येच्या कोपऱ्यात आहे. उजवा बूट. बाहेरच्या बाजूला टाच झिजलेली, तशीच्या तशी. मी ती टाच किती वेळा बदलायला दिली असेन. आत 'जे. एस. १९३१'.

आणि किझाया, त्याच्या शेजारी दुसरा आहे. बायकी. लहान, पट्ट्याचा, टाच निमुळती. दोघांच्या मधे बोट शिरणार नाही इतका जवळ. त्यात 'डी. एस.'

माझा रविवारचा बूट. डावा. त्या उन्हाळ्यात तो एक आठवडा सापडत नव्हता. सगळं घर पालथं घातलं मी. मग एके दिवशी पलंगाखाली सापडला, तळाला करडी रेघ लागलेली. आणि आता तुला सांगते, शपथा मोडायचे दिवसच आहेत, मी सत्तावीस वर्षं समजत होते की तो तू लपवलास. मला रविवारी चर्चला जाता येऊ नये आणि मी तुझ्याबरोबर चॅपेलात यावं म्हणून. नाताळच्या प्रत्येक जेवणाला तुला वाढताना माझ्या मनात तो बूट असायचा. माफ कर गं. म्हणूनच तो मला सांगायला घाबरत असणार. तोवर मी त्याच्यापाशी तुझ्यावर इतकं तोंडसुख घेतलं होतं की आता खरं काय सांगणार, असं झालं असेल त्याचं.

मी खाली बसले आणि बूट काढून माझा पाय त्या रेघेत ठेवला. बसला नाही. बोटं वाकडी झालीत, टाच पसरलीय. रूबेन पलीकडे जाऊन शेतं बघत उभा राहिला. बराच वेळ मी तिथे अनवाणी बसले आणि रडले, आणि रडता रडता हसूही यायला लागलं, कारण खाली व्हिकर कुणाला तरी सर हॅमो उघडून दाखवत होता आणि बिजागरीची कुरकुर इतक्या वरपर्यंत येत होती.

तीन वर्षं मी अर्ज करत होते, किझाया, आणि प्रत्येक अर्जात नाव एकच लिहीत होते, त्याचं. त्याच्याशेजारी माझं घालावं असं मला एकदाही सुचलं नाही. त्याला सुचलं होतं.

तू ये. पायऱ्यांची चिंता करू नकोस, रूबेन ढकलतो.

तुझी,
डॉर्कस